नायजरच्या वळणावर: मालीच्या आरंभकाळाविषयी

अहिल्यानगर, बीड आणि नाशिकचा पूर्व भाग या कमी पावसाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी बाजरी मूळची आफ्रिकेतली आहे, हे अनेकांना ठाऊक असते. परंतु ती आफ्रिकेत नेमकी कुठे प्रथम शेतात आली, याचा शोध घेतला तर बोट मालीच्या उत्तर भागावर येऊन थांबते. गाओ शहराच्या उत्तरेला तिलेम्सी नावाचे खोरे आहे. आज ते जवळजवळ कोरडे आहे, पण साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे गुरे पाळणारी, मासे मारणारी आणि धान्य पेरणारी माणसे राहत होती. मडकी घडवताना त्यांनी मातीत धान्याचा भुसा मिसळला, आणि भाजलेल्या खापरांत त्या भुशाचे ठसे कायमचे राहून गेले. कणसातून दाणे आपोआप गळून न पडणे ही माणसाने निवडून वाढवलेल्या धान्याची खूण असते, आणि करकारिचिंकात या ठिकाणच्या खापरांतील ठशांमध्ये नेमकी तीच खूण सापडली. इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात बाजरी भारतात पोहोचलेली होती. म्हणजे ज्या देशाचे नाव आपल्याकडच्या वृत्तपत्रांत बंडाळी, लष्करी उठाव किंवा दुष्काळ यांच्या निमित्तानेच येते, त्या देशाच्या भूमीशी आपले ताट फार जुन्या काळापासून जोडलेले आहे.

या लेखात मला मालीच्या आरंभकाळाविषयी लिहायचे आहे, आणि ते एका विशिष्ट कारणासाठी. माली हा भूवेष्टित देश आहे, त्याच्या सीमांना सात देश भिडलेले आहेत, त्याला समुद्रकिनारा नाही, आणि म्हणून तो गरीब आहे, असा एक सोपा कार्यकारणभाव भूगोलाच्या पुस्तकांपासून आर्थिक अहवालांपर्यंत सर्वत्र मांडला जातो. आजच्या वाहतूक खर्चाचा विचार केला तर त्यात तथ्य आहेच. परंतु या प्रदेशाच्या लिखित आणि अलिखित इतिहासातला फार मोठा काळ असा आहे की त्या काळात इथल्या माणसांना आपण जगापासून दूर आहोत असे वाटण्याचे काहीही कारण नव्हते. समुद्र नसणे ही अडचण तिथे केव्हा आणि कशी झाली, हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नकाशावर मिळत नाही.

सुरुवात नदीपासून करावी लागते. नायजर नदी गिनीच्या डोंगराळ प्रदेशात, अटलांटिक महासागरापासून अवघ्या अडीचशे किलोमीटरच्या आसपास उगम पावते. परंतु जवळच्या समुद्राकडे न वळता ती उलट ईशान्येला, थेट सहारा वाळवंटाच्या दिशेने निघते. टिंबक्टूजवळ वाळवंटाच्या कडेला ती पूर्वेकडे वळते, पुढे आग्नेयेला झुकते, आणि चार हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून नायजेरियात समुद्राला मिळते. या विचित्र वळणामुळे युरोपातील भूगोलतज्ज्ञ शतकानुशतके गोंधळलेले होते. कुणी तिला नाईलची शाखा मानले, कुणी ती पश्चिमेकडे वाहते असे लिहिले.

मालीच्या मध्यभागी आल्यावर ही नदी सपाट प्रदेशात पसरते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेला हा त्रिभुज प्रदेश असंख्य फाटे, तळी आणि पाणथळ कुरणे यांनी भरलेला आहे. गिनीच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, पण ते पाणी या पाणथळीतून इतक्या संथपणे पुढे सरकते की टिंबक्टूजवळ पुराची पातळी डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन कोरड्या ऋतूत, सर्वांत वर जाते. पावसाळा संपून महिने लोटल्यावर वाळवंटाच्या काठाला मिळणारे हे पाणी म्हणजेच मालीच्या इतिहासाचा पाया होय. चढत्या पाण्यात तांदूळ वाढतो, ओसरत्या पाण्यात मासे सापडतात, आणि पाणी पूर्ण ओसरल्यावर उघड्या पडलेल्या हिरव्या कुरणांवर गुरांचे कळप उतरतात. बोझो लोक मासेमारी करतात, फुलानी गुरे राखतात, मार्का भात पिकवतात, सोमोनो नावा चालवतात. एकाच भूमीवर निरनिराळ्या ऋतूंत निरनिराळ्या समाजांचा हक्क चालतो, आणि कोणाचा हक्क कधी सुरू होतो व कधी संपतो याचे जुने करार पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले आहेत. ही व्यवस्था मोडली की काय होते, हे गेल्या काही वर्षांतल्या मध्य मालीतील फुलानी आणि शेती करणारे दोगोन लोक यांच्यामधील रक्तपाताने जगाला दाखवले आहे.

याच पाणथळीच्या दक्षिण भागात जेन्ने हे गाव आहे. तिथली मातीची भव्य मशीद जगभर छायाचित्रांतून ओळखली जाते. सध्याची इमारत १९०७ मध्ये, जुन्या जागेवर, पुन्हा बांधलेली आहे. परंतु माझ्या मते मालीतली सर्वांत महत्त्वाची जागा त्या मशिदीपासून सुमारे तीन किलोमीटरवर आहे आणि तिथे पाहण्यासारखे वरवर काहीच नाही. ते एक रुंद, बुटके पांढरीचे टेकाड आहे, त्यावर पावलोपावली खापरांचा खच पडलेला असतो. स्थानिक लोक त्याला जेन्ने-जेनो, म्हणजे जुने जेन्ने, म्हणतात. १९७७ मध्ये आणि पुन्हा १९८१ मध्ये रॉड्रिक मॅकिंटॉश आणि सुझन मॅकिंटॉश या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने तिथे उत्खनन केले, आणि त्यातून पश्चिम आफ्रिकेच्या इतिहासाविषयीचा एक दृढ समज कोसळला.

तो समज असा होता: सहाराच्या दक्षिणेला शहरे निर्माण झाली ती उत्तरेकडून आलेल्या अरब व्यापाऱ्यांमुळे. उंटांचे काफिले आले, व्यापार आला, धर्म आला, लेखन आले, आणि त्यांच्या मागोमाग शहरे आणि राज्ये आली. वसाहतकालीन लेखकांना हा क्रम सोयीचा होता, कारण त्यात स्थानिक माणसाला केवळ घेणाऱ्याची भूमिका मिळत होती. जेन्ने-जेनोच्या थरांनी सांगितले ते वेगळेच. वस्ती इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली होती. पहिल्या रहिवाशांकडे लोखंड होते, आणि त्यांच्या सर्वांत खालच्या थरांतही आफ्रिकेत स्वतंत्रपणे लागवडीखाली आलेल्या तांदळाचे अवशेष होते. आठव्या-नवव्या शतकापर्यंत ही वस्ती सुमारे ३३ हेक्टरांवर पसरली होती आणि तिच्याभोवती जवळजवळ दोन किलोमीटर लांबीची मातीची तटबंदी होती. म्हणजे उत्तरेचे काफिले नियमितपणे येऊ लागण्याच्या कितीतरी आधी इथे शहर उभे होते, आणि त्या काफिल्यांना इथे येण्याचे कारणही बहुधा हेच होते की माल साठवणारी, वाहून नेणारी आणि वाटणारी यंत्रणा इथे आधीपासून चालू होती.

या पुराच्या मैदानात लोखंडाचे खनिज नाही, तांबे नाही, बांधकामाला दगडही नाही. जेन्ने-जेनोत हे सगळे सापडते. धान्य वाटण्याचे दगड बाहेरून आणलेले आहेत, लोखंड बाहेरून आलेले आहे, तांब्याच्या वस्तू शेकडो किलोमीटरवरून आलेल्या आहेत, आणि पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातल्या थरात सोन्याचे एक कर्णभूषण मिळाले आहे. त्या बदल्यात शहराने काय दिले असेल? तांदूळ, सुकवलेले मासे, माशांचे तेल: हाच या पाणथळीतला अतिरिक्त माल होता, आणि वाळवंटाच्या कडेवरच्या वस्त्यांना त्याची गरज होती. सर्वांत जुन्या थरांत काचेचे जे थोडे मणी सापडले, त्यांतल्या काहींची रासायनिक घडण आशियात बनलेल्या काचेशी जुळते. असा एखादा मणी किती हातांतून, किती बाजारांतून आणि किती वर्षांनी नायजरच्या काठी पोहोचला असेल याचा विचार करताना मला आफ्रिकेचा अंतर्भाग बंदिस्त होता ही कल्पना अगदीच टिकवता येत नाही.

परंतु जेन्ने-जेनोतले सर्वांत विचार करायला लावणारे निरीक्षण तिथे न सापडलेल्या गोष्टींविषयी आहे. राजवाडा नाही. बालेकिल्ला नाही. एखाद्या राजाच्या वैभवाची साक्ष देणारे, दागदागिन्यांनी भरलेले थडगे नाही. त्याऐवजी मुख्य टेकाडाभोवती चार किलोमीटरच्या परिघात अशीच डझनावारी लहान टेकाडे आहेत, आणि त्यांतल्या काहींवर लोहारकाम, काहींवर मासेमारी अशी विशिष्ट व्यवसायांची चिन्हे दाटलेली आढळतात. मॅकिंटॉश दांपत्याने यातून असा अर्थ काढला की निरनिराळे कारागीर आणि उत्पादक समाज एकमेकांत विरघळून न जाता, पण एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, शेजारी शेजारी राहिले, आणि त्यांच्यातले व्यवहार वरून हुकूम सोडणाऱ्या एका सत्तेशिवाय परस्परांच्या समजुतीने चालले. शहर म्हटले की राजा, कर, सैन्य आणि स्मारके हे गृहीत धरण्याची आपली सवय इतकी पक्की आहे की अशा शहराला काय म्हणावे हेच अभ्यासकांना बराच काळ सुचत नव्हते. या अर्थाविषयी मतभेद होऊ शकतात, आणि सत्ता मातीत खुणा न ठेवताही नांदू शकते हा आक्षेप मला योग्य वाटतो. तरीही दीड हजारांहून अधिक वर्षे चाललेल्या वस्तीत राजवैभवाची एकही ठळक खूण नसावी, हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही. इसवी सन १४०० च्या सुमारास हे टेकाड ओस पडले आणि वस्ती शेजारच्या आजच्या जेन्नेत स्थिरावली.

या परिसरातल्या भाजक्या मातीच्या मूर्तींविषयी एक वेदनादायक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. गुडघ्यांवर बसलेल्या, अंगावर साप वळवळणाऱ्या या मूर्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांच्या आवडीच्या झाल्या, आणि त्यासाठी पाणथळीतली टेकाडे बेकायदा खणली गेली. मूर्ती कोणत्या थरात, कोणत्या घराखाली, कोणत्या वस्तूंसोबत होती हे एकदा हरवले की ती सुंदर असते, पण मुकी असते. १९९३ मध्ये अमेरिकेने अशा वस्तूंच्या आयातीवर तातडीचे निर्बंध घातले. तोपर्यंत इतिहासाची किती पाने फाडून विकली गेली होती याची भरपाई मात्र कुणालाच करता येणार नाही.

आता उत्तर-पश्चिमेकडे वळू. सोनिंके लोकांचे वागादू राज्य, ज्याला अरब लेखक घाना म्हणत, आजच्या आग्नेय मॉरिटेनिया आणि पश्चिम मालीत पसरलेले होते. (आजचा घाना देश इथून शेकडो किलोमीटर दूर आहे; १९५७ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याने या जुन्या राज्याचे नाव सन्मानाने घेतले.) या राज्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन अल-बक्री या भूगोलकाराने १०६८ मध्ये केले. तो स्वतः स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचा. त्याने सहारा कधी ओलांडला नाही, पण ओलांडणाऱ्यांकडून त्याने बारकाईने ऐकून घेतले. त्याच्या वर्णनानुसार राजधानीची दोन नगरे होती: एकात बारा मशिदी आणि व्यापारी, दुसऱ्यात राजा, त्याचा दरबार आणि पूर्वापार देवांची राई. राजा आपल्या प्रजेचा धर्म पाळत होता, आणि तरीही त्याचे अनेक मंत्री मुस्लिम होते. राज्यात येणाऱ्या मिठाच्या प्रत्येक गाढवओझ्यावर एक सोन्याचा दिनार आणि बाहेर जाणाऱ्या ओझ्यावर दोन दिनार जकात होती. खाणीत सापडलेले सोन्याचे गोळे राजाचे आणि सोन्याची पूड लोकांची, असा नियम होता; सगळे सोने बाजारात येऊ दिले तर त्याची किंमत मातीमोल होईल, हे कारण अल-बक्रीने स्पष्ट लिहून ठेवले आहे. अकराव्या शतकातल्या एका राज्याला चलनपुरवठ्याचे हे गणित उमगलेले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मिठाच्या आणि सोन्याच्या या देवघेवीवरच पुढची सगळी राज्ये उभी राहिली. दक्षिणेकडच्या उष्ण प्रदेशात मिठाची टंचाई, आणि सहाराच्या पोटात जुन्या आटलेल्या सरोवरांच्या तळाशी मिठाचे जाड थर. बांबुक आणि बुरे या दक्षिणेकडच्या भागांत सोने, आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या टांकसाळींना सोन्याची भूक. या दोन टोकांच्या मधोमध नायजर होती. हा व्यापार निष्पाप होता असे मात्र कुणी समजू नये: उत्तरेकडे जाणाऱ्या काफिल्यांत सोन्याबरोबर गुलाम केलेली माणसेही चालत होती, आणि मिठाच्या खाणींतही गुलामच राबत होते.

वागादू क्षीण झाल्यावर सोसो नावाच्या राज्याने जोर धरला, आणि त्याच्या सुमांगुरू कांते या राजाचा पराभव मांदे लोकांच्या सुंजाता कैताने किरिना येथील लढाईत केला. साधारण १२३५ हे वर्ष त्या लढाईसाठी मानले जाते. सुंजाताची कथा लहानपणी चालू न शकणाऱ्या, आईबरोबर परागंदा झालेल्या आणि पुढे माली साम्राज्य उभारणाऱ्या राजपुत्राची आहे, आणि ती जिवंत ठेवली जेली घराण्यांनी. आपल्याकडच्या शाहिराने राजाचा पराक्रम पोवाड्यात गावा, त्याच घराण्याने त्याची वंशावळ मुखोद्गत ठेवावी, आणि दोन कुळांत तंटा झाला तर मध्यस्थीही त्याच घराण्याने करावी, इतक्या भूमिका जेलीमध्ये एकवटलेल्या असतात. सुंजाताच्या जेलीचे नाव बाला फासेके कुयाते, आणि कुयाते घराणे आजही कैता घराण्याचे जेली म्हणून ओळखले जाते. सुमांगुरूचा म्हणून मानला जाणारा बालाफोन, म्हणजे लाकडी पट्ट्यांचे वाद्य, गिनीतल्या निआगासोला गावात त्यांनी जपून ठेवलेला आहे.

अशा मौखिक परंपरेवर इतिहास म्हणून किती विसंबावे? माझे मत असे आहे की तिला कागदपत्रांचा कच्चा पर्याय समजणे चूक आहे आणि तिच्यातला प्रत्येक शब्द तेराव्या शतकातला मानणेही चूक आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इब्न खल्दून या इतिहासकाराने मालीच्या राजांची यादी लिहिली, आणि तिच्यात सोसोंना जिंकणारा मारी जाता हा राजा आहे; मांदे परंपरेतला सुंजाता तोच. दोन स्वतंत्र साक्षी इथे एकमेकींना दुजोरा देतात. उलट, कुरुकान फुगा येथील सभेत सुंजाताने घोषित केल्याचे सांगितले जाणारे कायदे, ज्यांना युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, आज ज्या क्रमवार स्वरूपात वाचायला मिळतात ते रूप विसाव्या शतकाच्या अखेरच्या संकलनाचे आहे. परंपरेचा आदर करणाऱ्याने हा फरक लपवू नये.

या साम्राज्याचा पुढचा राजा मान्सा मुसा (मान्सा म्हणजे राजा) याच्याविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्याच्याविषयीच सर्वांत जास्त लिहिले जाते. १३१२ ते सुमारे १३३७ हा त्याचा काळ. १३२४ मध्ये हजला जाताना तो कैरोत थांबला, आणि त्याने व त्याच्या लोकांनी तिथे इतके सोने वाटले आणि खर्चले की सोन्याचा भाव उतरला. बारा वर्षांनंतर कैरोत आलेल्या अल-उमरी या अरब लेखकाने हा भाव अजून वर आलेला नाही असे नोंदवले. जगातला आजवरचा सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याच्या संपत्तीचे आजच्या चलनातले आकडे सर्वत्र फिरतात. ते निराधार आहेत, कारण ज्या राजाच्या खजिन्याची मोजदादच कुणी ठेवलेली नाही त्याचे डॉलरमध्ये रूपांतर करता येत नाही. अल-उमरीनेच सांगितलेली दुसरी हकीकत मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण गादीवर कसे आलो याविषयी मुसाने कैरोतल्या एका अधिकाऱ्याला असे सांगितले की, आपल्या आधीच्या राजाला महासागराचा दुसरा काठ शोधायचा होता. त्याने आधी नावांचा एक ताफा पाठवला, त्यातली एकच नाव परतली, आणि मग तो स्वतः त्याहून मोठा ताफा घेऊन निघाला तो परत आलाच नाही. ही हकीकत खरी की दरबारी आख्यायिका, हे ठरवता येत नाही. परंतु त्या काळी माली साम्राज्याची सत्ता पश्चिमेला अटलांटिकपर्यंत पोहोचलेली होती, ही गोष्ट मात्र निश्चित आहे. किनारा तेव्हा त्यांच्याकडे होता, आणि तरीही त्यांचा व्यापार वाळवंटाच्या दिशेने चालला, कारण संपत्तीचा रस्ता त्या बाजूने जात होता.

मुसाच्या मृत्यूनंतर, त्याचा भाऊ सुलेमान राज्य करत असताना, इब्न बतूता मालीत आला. मराठी वाचकाला हा प्रवासी अगदीच अनोळखी नसावा, कारण मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीतून निघाल्यावर तो दौलताबादला येऊन गेला होता आणि पश्चिम किनाऱ्यावर गोव्यालाही, ज्याला तो संदाबूर म्हणतो, त्याने काही काळ घालवला होता. १३५२ च्या प्रारंभी तो मोरोक्कोच्या सिजिलमासा शहरातून काफिल्याबरोबर निघाला. वाटेत तघाझा हे मिठाच्या खाणींचे गाव लागले, जिथली घरे आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, वर उंटाच्या कातड्यांची छपरे, आणि झाड म्हणून एकही नाही. वलाता येथे पोहोचल्यावर त्याला आढळले की तिथे वारसा मुलाकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जातो, आणि त्याने लिहिले की ही रीत त्याने जगात आणखी फक्त मलबारमध्ये पाहिली होती. आपल्या पश्चिम किनाऱ्याची आणि सहाराच्या काठाची अशी थेट तुलना करणारा साक्षीदार चौदाव्या शतकात दुसरा कुणी मिळणार नाही.

कवड्यांच्या बाबतीतही त्याची साक्ष अशीच आहे. मालदीवमध्ये तो काझी होता, आणि तिथे एका दिनाराला लाखोंच्या संख्येने कवड्या विकल्या जात असल्याचे त्याने पाहिले होते. नायजरच्या काठी माली आणि गाओ येथे त्याच कवड्या चलन म्हणून वापरात होत्या, आणि तिथला भाव होता सोन्याच्या एका दिनाराला ११५०. हिंदी महासागरातून निघालेली कवडी इतके अंतर ओलांडून नायजरपर्यंत पोहोचत होती आणि वाटेत तिचे मूल्य शेकडो पटींनी वाढत होते. मालीच्या कारभाराविषयी तो फार समाधानी होता असे नाही. सुलेमानाने स्वागताची भेट म्हणून तीन भाकऱ्या, थोडे मांस आणि भोपळ्यात दही पाठवले, यावर तो उपहासाने हसला होता. परंतु याच टीकाकाराने असेही लिहिले की या देशात प्रवाशाला चोराचे किंवा दरोडेखोराचे भय नाही आणि इथले लोक अन्यायाचा तिरस्कार करतात. नाराज पाहुण्याने केलेली ही स्तुती मला दरबारी कवीच्या स्तुतीपेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

पंधराव्या शतकात माली साम्राज्य ओसरले आणि गाओच्या सोंघाय लोकांची सत्ता वाढली. सुन्नी अलीने १४६८ मध्ये टिंबक्टू घेतले, आणि १४९३ मध्ये गादी बळकावणाऱ्या अस्किया मुहम्मदाने नायजरच्या दोन्ही काठांवर विस्तीर्ण राज्य बसवले. तुआरेग पशुपालकांच्या हंगामी तळातून सुमारे ११०० मध्ये वाढलेले टिंबक्टू या काळात विद्वानांचे शहर झाले. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी तिथे गेलेल्या लिओ आफ्रिकानसने हस्तलिखितांच्या विक्रीतला नफा इतर सर्व मालापेक्षा अधिक असल्याचे नोंदवले आहे. टिंबक्टूच्याच अल-सादीने सतराव्या शतकात आपल्या प्रदेशाचा इतिहास लिहिताना मात्र एक गोष्ट ठामपणे सांगितली: टिंबक्टूकडे काफिले येतात ते जेन्नेमुळे. धान्य आणि सोने त्या बाजूने नावांतून येत होते, आणि वाळवंटाच्या कडेवरचे शहर त्यावर जगत होते.

१५९१ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाने जुदर पाशाच्या हाताखाली सुमारे चार हजारांची फौज सहारा ओलांडून पाठवली. गाओजवळ तोंदिबी येथे बंदुकांपुढे सोंघायचे सैन्य टिकले नाही. टिंबक्टूच्या विद्वानांना साखळदंडांत माराकेशला नेण्यात आले. त्यांतला थोर न्यायशास्त्री अहमद बाबा १६०८ मध्ये परत येऊ शकला. पण मोरोक्कोला हवे असलेले सोन्याचे झरे हाती लागले नाहीत, कारण ते सोने बरेच आधी दिशा बदलू लागले होते. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये गिनीच्या किनाऱ्यावर एल्मिना येथे किल्ला बांधला होता, आणि अंतर्भागातले सोने, पुढे त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर गुलाम केलेली माणसे, समुद्राकडे ओढली जाऊ लागली. नायजरचे वळण बाजारपेठेचा मध्य होते ते पिछाडीचा मुलूख होऊ लागले. मुंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९६ च्या जुलैत सेगूला पोहोचला तेव्हा नदी पूर्वेकडे वाहते हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि युरोपचा जुना वाद मिटवला. त्याच वेळी त्याने ज्या बामाना राज्याचे भरभराटीचे शहर पाहिले, त्या राज्याच्या लढाया बंदिवान मिळवण्यासाठीही चालत होत्या.

फ्रेंचांचा अंमल सेनेगलच्या बाजूने आला. १८८३ मध्ये बामाको येथे किल्ला, १८९० मध्ये सेगूचा ताबा, १८९४ मध्ये टिंबक्टू, १८९८ मध्ये सिकासो. या प्रदेशाला त्यांनी फ्रेंच सुदान म्हटले, आणि त्याच्या सीमा आखताना जुन्या राज्यांचा विचार केला नाही: वागादूची राजधानी मानले जाणारे कुंबी सालेहचे अवशेष आज मॉरिटेनियात आहेत, आणि मांदे प्रदेशाचा मोठा भाग गिनीत गेला. वसाहतीचा माल बाहेर नेण्यासाठी लोहमार्ग बांधला गेला. काय्सपासून नायजरवरच्या कुलिकोरोपर्यंतचा भाग १९०४ मध्ये पूर्ण झाला, आणि १९२० च्या दशकात तो थेट डाकार बंदराशी जोडला गेला. यानंतर देशाचा जवळजवळ सगळा परदेशी व्यवहार एका रुळावर, एका बंदराच्या दिशेने चालू लागला. हजार वर्षे अनेक बाजूंना उघडा असलेला प्रदेश एका दाराचा झाला, आणि ते दार दुसऱ्या वसाहतीत होते.

स्वातंत्र्याच्या वेळी हे दार आपलेच राहावे असा प्रयत्न झाला. सेनेगल आणि फ्रेंच सुदान यांनी मिळून माली महासंघ स्थापन केला, आणि तो २० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला. सत्तेच्या वाटपावरून, आणि बामाकोचे समाजवादी नेते मोदिबो कैता व डाकारचे लिओपोल्ड सेंघोर यांच्या राजकारणातल्या अंतरावरून, तो दोन महिन्यांत फुटला. २० ऑगस्टच्या रात्री सेनेगल बाहेर पडला, आणि डाकारमध्ये असलेल्या मोदिबो कैता यांना आगगाडीत बसवून बामाकोला परत पाठवण्यात आले. २२ सप्टेंबर १९६० रोजी बामाकोत माली प्रजासत्ताकाची घोषणा झाली. महासंघ राहिला नव्हता, पण सुंजाताच्याच कुळनावाच्या नेत्याने त्याच्या साम्राज्याचे नाव सोडले नाही. त्याच वेळी डाकारचा लोहमार्ग सीमेवर बंद करण्यात आला. शेंगदाणा आणि कापूस बाहेर नेण्यासाठी, आणि इंधन व सिमेंट आत आणण्यासाठी, मालीला दक्षिणेकडे आयव्हरी कोस्टच्या आबिजान बंदराकडे जाणाऱ्या लांबच्या रस्त्यांवर ट्रक धाडावे लागले. १९६३ मध्ये दोन्ही सरकारांत समझोता होऊन गाड्या पुन्हा सुरू होईपर्यंत तीन वर्षे हीच स्थिती होती.